गाडीच्या टाकीत काय ओतता?
बायोडिझेल : खरे, खोटे आणि आपला हिशेब

गेल्या अशोक विजयादशमीची गोष्ट. आमच्या वसाहतीतील तीन घरची माणसे भुसावळहून दीक्षाभूमीला निघाली होती. गाडी वसाहतीतल्याच एका तरुणाची. बारावीनंतर नोकरी मिळेना, म्हणून त्याने कर्ज काढून सात आसनी डिझेल गाडी घेतली आणि ती तो भाड्याने चालवतो. मला काका म्हणतो. त्याची आजीही सोबत होती. १९५६ साली ती वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेली होती. आता पंचाहत्तरी उलटली आहे. "या वर्षी दर्शन घेते, पुढचं कोणी पाहिलं," असे म्हणून ती पुढच्या सीटवर बसली होती.

मूर्तिजापूर सोडले आणि गाडी धक्के खाऊ लागली. दोन-तीन वेळा खोकल्यासारखे करून ती रस्त्याच्या कडेला बंद पडली. उन्हात दोन तास गेले. शेवटी एका ट्रकवाल्या भावाने टोचन करून बडनेऱ्यापर्यंत आणून सोडले. तेथील मिस्त्रीने फिल्टर खोलला आणि त्यातले तेल काचेच्या बाटलीत ओतले. तळाशी पाण्याचा थर, वर पातळ, रॉकेलसारखा वास मारणारा द्रव. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हे डिझेल नोहे. पंप गेला, नोझल बी गेले."

तेव्हा पोराने खाली मान घालून सांगितले. हमरस्त्यालगत एका शेडमध्ये टाकी बसवून 'बायोडिझेल' विकतात. लिटरमागे वीस रुपये स्वस्त. दोन महिन्यांपासून तो तेच भरत होता. मी रागावलो, तेव्हा तो म्हणाला, "काका, सरकारच बायोडिझेल वापरा म्हणते ना? मग माझे चुकले काय?"

त्या प्रश्नाला तेव्हा मला उत्तर देता आले नाही. मी कारकून माणूस. वाणिज्य शाखेचा पदवीधर, जमाखर्च कळतो, इंजिन कळत नाही. आम्ही आजीला घेऊन बडनेऱ्याहून रेल्वेने नागपूर गाठले, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. परत आल्यावर वाचले, जाणकारांना विचारले आणि जे समजले ते आपल्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहे. आज आपली कितीतरी मुले चालक आहेत. कोणी टॅक्सी चालवतो, कोणी टेम्पो, कोणी दुसऱ्याच्या गाडीवर आहे. त्यांच्या घरी हा लेख वाचला जावा ही अपेक्षा.

बायोडिझेल म्हणजे काय?

पहिली गोष्ट लक्षात ठेवावी की, बायोडिझेल म्हणजे गोडे तेल नव्हे, रॉकेल नव्हे आणि कारखान्यातले कोणतेही स्वस्त तेल नव्हे. वनस्पतीचे तेल किंवा प्राण्यांची चरबी घेऊन, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ते तयार करतात.

ही प्रक्रिया समजायला अवघड नाही. तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या तीन लांब शेपट्या, असे समजा. या शेपट्या एकत्र बांधलेल्या असल्यामुळे तेल दाट असते. चाळीस अंश तापमानाला साधे खाद्यतेल डिझेलच्या जवळजवळ दहापट दाट असते. असे तेल इंजिनात गेले तर नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही. ते अर्धवट जळते, काजळी धरते आणि इंजिन हळूहळू जाम होते. म्हणून तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश घालून ते ठरावीक तापमानाला ढवळतात. तीनही शेपट्या कण्यापासून सुटतात आणि प्रत्येक शेपटीला मिथेनॉलचा तुकडा जोडला जातो. ग्लिसरीन जड असल्यामुळे तळाशी बसते. वर राहते ते बायोडिझेल. ते धुऊन, वाळवून, तपासून मग वापरायचे. त्याचा दाटपणा डिझेलच्या जवळपास आलेला असतो.

कल्पना नवी नाही. डिझेल इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले गेले होते. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि ही गोष्ट मागे पडली. तेलावर प्रक्रिया करून त्याचे इंधन बनविण्याचे पेटंट १९३७ साली बेल्जियममध्ये घेतले गेले.

आपल्या देशातही प्रयोग झाले. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल मिसळलेल्या इंधनावर धावली. २००४ साली भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने मोगली एरंडाच्या बियांपासून तयार केलेल्या बायोडिझेलवर मर्सिडीज मोटारीने ऐन उन्हाळ्यात सुमारे सहा हजार किलोमीटरचा प्रवास केला. म्हणजे खऱ्या बायोडिझेलवर साधी गाडीच काय, लाखमोलाची मोटारही चालते. आमची गाडी बंद पडली ती बायोडिझेलमुळे नव्हे. त्या टाकीत बायोडिझेल नव्हतेच.

खऱ्याचे गुण, खऱ्याच्या मर्यादा

खऱ्या बायोडिझेलचे गुण पुष्कळ आहेत. त्यात गंधक जवळजवळ नसते. ते वंगणासारखे काम करते. एक-दोन टक्के मिसळले तरी डिझेल पंपाची झीज कमी होते. पाहा, त्या पोराचा पंप झिजला तो बायोडिझेलच्या नावाखाली विकलेल्या कोरड्या द्रवामुळे, आणि खरे बायोडिझेल पंपाला जपणारे! शिवाय ते डिझेलसारखे चटकन पेट घेत नाही.

धुराचे म्हणाल तर, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली बऱ्याच चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळले तर धुरातील कण सुमारे १० टक्क्यांनी आणि कार्बन मोनॉक्साइड सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र सुमारे २ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे फायदा आहे, पण सगळाच फायदा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. आपल्या वस्त्या कोठे आहेत? हमरस्त्याच्या कडेला, ट्रक टर्मिनलच्या मागे, रेल्वेच्या यार्डाला लागून. हा धूर आपलीच मुले आधी घेतात. म्हणून स्वच्छ इंधनाचा प्रश्न केवळ मोटारमालकांचा नाही.

आता मर्यादा. गाडी असणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक : मिश्रणाचे प्रमाण. बी-७ म्हणजे सात टक्के बायोडिझेल आणि बाकीचे डिझेल. बी-२० म्हणजे वीस टक्के. बी-१०० म्हणजे निव्वळ बायोडिझेल. आपल्या देशात साध्या डिझेलच्या मानकानुसार सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते. त्यापुढे जायचे तर गाडीबरोबर मिळालेले पुस्तक काढून पाहावे. त्यात परवानगी नसेल तर वॉरंटी गेलीच समजा.

दोन : जुनी गाडी. साधारण १९९५ पूर्वीच्या गाड्यांत साध्या रबराच्या नळ्या आणि सील असत. निव्वळ बायोडिझेलने असे रबर फुगते, मऊ पडते आणि गळती सुरू होते.

तीन : फिल्टर. बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवते. तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. म्हणून जास्त प्रमाणाचे मिश्रण सुरू केल्यावर पहिला फिल्टर लवकर बदलावा लागतो.

चार : नवी गाडी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या आल्या. त्यांच्या धुराच्या नळीत काजळी पकडणारा गाळणा असतो. तो साफ करण्यासाठी काही गाड्यांत इंजिन थोडे जादा इंधन सोडते. बायोडिझेल सहज उडून जात नाही, ते झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ करते. अशा गाडीत प्रमाण वाढविण्याचा प्रयोग करू नये.

पाच : थंडी आणि साठवण. पामतेल किंवा चरबीपासून केलेले बायोडिझेल थंडीत लवकर गोठू लागते. खानदेशातील, विदर्भातील डिसेंबरच्या पहाटे गाडी रुसली तर हे एक कारण असू शकते. शिवाय ते पाणी शोषते आणि फार दिवस ठेवले तर खराब होते. सहा महिन्यांच्या वर साठवू नये.

जमाखर्च मांडून पाहा

आता माझ्या धंद्याची गोष्ट. बायोडिझेलमध्ये लिटरमागे उष्णता डिझेलपेक्षा थोडी कमी असते. निव्वळ बायोडिझेलवर गाडीचा ॲव्हरेज साधारण सात-आठ टक्क्यांनी उतरतो.

समजा गाडी महिन्याला ३,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ देते. म्हणजे २०० लिटर डिझेल लागले. हिशेबापुरता भाव ९० रुपये धरा. खर्च १८,००० रुपये. आता तेवढ्याच अंतराला निव्वळ बायोडिझेल सुमारे २१५ लिटर लागेल. ते पाच रुपयांनी स्वस्त, म्हणजे ८५ रुपयांनी मिळाले तरी खर्च होतो १८,२७५ रुपये. पाच रुपये स्वस्त घेऊनही महिन्याला २७५ रुपयांचा तोटा! लिटरमागे सहा-साडेसहा रुपयांपेक्षा जास्त स्वस्त मिळाले तरच काही शिल्लक राहते.

मग कोणी वीस रुपये स्वस्त देत असेल तर? तर समजावे की त्यात काळेबेरे आहे. खरे बायोडिझेल करायला तेल लागते, मिथेनॉल लागते, यंत्रे लागतात, तपासणी लागते. एवढे करून कोणी वीस रुपये सोडून देत नाही. २०२० व २०२१ साली गुजरात आणि महाराष्ट्रात अशा बेकायदा विक्रीवर छापे पडले. बायोडिझेलच्या नावाने औद्योगिक तेले आणि भेसळीचे द्रव गाड्यांत भरले जात होते. आमच्या पोराने दोन महिन्यांत वीस-वीस रुपये करून आठ हजार वाचविले होते. पंप आणि चार नोझल यांचे बिल त्याच्या तीन हप्त्यांएवढे आले. पंधरा दिवस गाडी उभी राहिली ते वेगळे. भेसळ करणाऱ्याचे काही गेले नाही. गेले ते कर्ज काढून गाडी घेणाऱ्याचे.

म्हणून विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. विक्रीची नोंदणी दाखवा. माल आय.एस. १५६०७ या भारतीय मानकाचा आहे याचा तपासणी दाखला दाखवा. आणि पक्के बिल द्या. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०१९ रोजी वाहनांसाठीच्या बायोडिझेल विक्रीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. तिन्हीपैकी एकही गोष्ट मिळाली नाही तर किल्ली फिरवून पुढे निघावे. भगवान बुद्धांनी कालामांना हेच शिकविले. कोणी सांगितले म्हणून, सगळे म्हणतात म्हणून विश्वास ठेवू नका. स्वतः पारखून घ्या, हिताचे असेल तर स्वीकारा. हे केवळ विहारात ऐकायचे नाही, पंपावरही आचरणात आणायचे आहे.

घरी करू नका

काही होतकरू मुले मोबाइलवर पाहून म्हणतात, आपण घरीच बायोडिझेल करू. त्यांना हात जोडून विनंती आहे, हा उद्योग करू नये. मिथेनॉल हे विष आहे. थोडे पोटात गेले तरी डोळे जातात, माणूस जातो. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर बळी घेतले, ती याच मिथेनॉलची करणी. मेलेले सारे कष्टकरी होते. मिथेनॉलची वाफ छातीत जाते, कातडीतून ते अंगात शिरते, आणि पेटले तर उजेडात त्याची ज्योत धड दिसतही नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, गॅसच्या शेगडीजवळ, लेकरे खेळत असताना हे करायचे काम नव्हे. विषाचा व्यापार बुद्धांनी उपासकांसाठी वर्ज्य सांगितला आहे. विषाशी खेळही वर्ज्यच समजावा.

मोगली एरंड आणि आपली गायराने

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. हे तेल उगवायचे कोठे?

२००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोठी योजना मांडली. सुमारे ११२ लाख हेक्टरवर मोगली एरंड लावायचा आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचे. १ जानेवारी २००६ पासून लिटरला २५ रुपयांनी खरेदीचे धोरण आले. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के असे ठरले. ते साधले नाही. २०१८ च्या नव्या धोरणात २०३० पर्यंत पाच टक्के एवढेच लक्ष्य ठेवावे लागले.

असे का झाले? सांगितले जात होते की, मोगली एरंड खडकाळ जमिनीत, पाण्यावाचून वाढतो. वाढतो हे खरे. पण पाणी आणि खत नसेल तर बिया भरत नाहीत. झाड जगणे आणि झाडाने उत्पन्न देणे यातला फरक कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाईला विचारला असता तर तिनेच सांगितला असता. शिवाय त्या बिया विषारी. शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाबाने दवाखान्यात जातात. आयाबहिणींनी कुंपणाच्या या झाडापासून मुलांना दूर ठेवावे.

पण आपल्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. ही सगळी लागवड म्हणे 'पडीक' जमिनीवर करायची होती. पडीक म्हणजे कोणाची? सरकारी दप्तरात जी पडीक, ती गावात गायरान. आणि गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कोण राबले? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसे तुरुंगात गेली, ती याच जमिनीसाठी. त्या लढ्यांच्या रेट्यामुळेच महाराष्ट्र सरकारला १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय १९९१ साली घ्यावा लागला. तरी आजही कित्येक घरे सातबाऱ्याच्या प्रतीक्षेत आहेत. ज्या जमिनीवर आमची माणसे ज्वारी पिकवतात, ती कागदावर पडीक म्हणायची आणि तिच्यावर शहरातल्या मोटारींसाठी तेल पिकवायचे, हा हिशेब आपल्याला मान्य होण्यासारखा नाही. आपण विज्ञानाचे विरोधक नाही. फक्त आपल्या भाकरीचा बळी देऊन इंधन नको, एवढेच म्हणणे.

ऊर्जेचा प्रश्न आपला नाही, असेही कोणी समजू नये. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही कामे त्यांच्याकडे होती. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ साली स्थापन झाले. स्वस्त आणि मुबलक वीज असल्याशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगाशिवाय शेतीवरचा भार हटणार नाही, ही त्यांची धारणा. ऊर्जा कोणासाठी, हा प्रश्न विचारायला त्यांनीच शिकविले.

तळलेले तेल : आपल्या हातातले काम

मग बायोडिझेलला कच्चा माल कोठून आणायचा? आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयात करून भागवतो. गरिबाच्या फोडणीतले तेल मोटारीला घालणे शहाणपणाचे नाही. राहिले ते वापरून झालेले, तळणाचे तेल. आणि येथे आपल्याला काही करता येण्यासारखे आहे.

तेच तेल पुनःपुन्हा तापविले की त्यात शरीराला घातक घटक वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा घटकांची मर्यादा २५ टक्के ठरविली. त्याहून वाईट झालेले तेल खाण्यात वापरता येत नाही. त्याच वर्षी हे तेल गोळा करून बायोडिझेलसाठी देण्याची मोहीमही सुरू झाली. पण होते काय? मोठ्या हॉटेलचे काळे तेल स्वस्तात हातगाडीवर येते आणि त्यात तळलेली भजी आपलीच मुले खातात.

आता आपल्या कार्यक्रमांचा विचार करा. भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला आपण भोजनदान करतो. शेकडो माणसांच्या पुऱ्या तळल्या जातात. उरलेले तेल कोणी गटारीत ओततो, कोणी घरी नेऊन महिनाभर वापरतो. त्याऐवजी मंडळाने ते गार करून, गाळून, डब्यात भरावे आणि अधिकृत तेल गोळा करणाऱ्याला पावती घेऊन द्यावे. आमच्या मंडळात यंदा असे दोन डबे भरले. मिळालेली रक्कम थोडीच होती. ती विहाराच्या वाचनालयाच्या वहीत जमा केली. रक्कम थोडी असली तरी ते तेल कोणाच्या पोटात गेले नाही आणि नाल्यातही गेले नाही, ही जमा वहीत मांडता येत नाही, पण ती आहे.

पोराच्या प्रश्नाचे उत्तर आता मी देऊ शकतो. सरकार बायोडिझेल वापरा म्हणते हे खरे. ते चांगले इंधन आहे हेही खरे. तुझे चुकले ते एवढेच की तू नाव विकत घेतलेस, वस्तू तपासली नाहीस. त्याने गाडीच्या डॅशबोर्डवर, बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली, आता एक छोटी वही ठेवली आहे. कोठे किती इंधन भरले, बिल क्रमांक किती, ॲव्हरेज काय पडला, हे तो रोज लिहितो. हप्ता अजून एक थकलेला आहे, पण गाडी सुरू आहे. आजीने येत्या अशोक विजयादशमीला पुढची सीट आताच सांगून ठेवली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!